अर्धी बासरी

सरांनी फोन ठेवला आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी मान खाली घालून कागदावर रेघा मारत होते. फोनवरचं बोलणं स्पॅनिशमध्ये होतं, त्यातलं मला काही कळलं नव्हतं. पण शेवटी शेवटी ते नुसते "सी, सी" म्हणत होते आणि प्रत्येक 'सी' आधीच्यापेक्षा हळू येत होता.

"माझ्या भावाला व्हिसा नाकारला," बाहेरच्या बर्फाकडे बघतच ते म्हणाले.

मी "आय अ‍ॅम सॉरी" म्हटलं. मग पेनाचं निब पुसत बसले. ते आधीच स्वच्छ होतं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळच्या विद्यापीठात मी स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करत होते. संगीत विभागाशी माझा संबंध यायचं खरं तर कारण नव्हतं. पण लहानपणी नागपूरला, कॉन्व्हेंटमध्ये एका सिस्टरांनी मला बरीच वर्षं पियानो शिकवला होता. त्यामुळे पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन वाचता-लिहिता येत होतं, आणि माझं अक्षर चांगलं होतं. विभागाच्या बोर्डावर 'म्युझिक कॉपिस्ट हवा' अशी चिठ्ठी लागली होती. संगीतकार सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहितो. त्यातून प्रत्येक वादकाची ओळ वेगळी काढायची आणि पारदर्शक कागदावर काळ्या शाईने लिहून द्यायची, हे कॉपिस्टचं काम. मग तो कागद एका यंत्रातून जायचा, आणि त्याच्या प्रतींना अमोनियाचा वास यायचा. सरांच्या खोलीत दाराशी एक टेबल, एक दिवा, आणि कोणाशी बोलायची गरज नाही. मला ही नोकरी फार आवडायची.

सर बोलिव्हियाचे होते. अँडीज पर्वतात खूप उंचावर एक खाणकामगारांचं गाव आहे, तिथे ते वाढले. पुढे शहरात जाऊन पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची रचना शिकले आणि अमेरिकेत आले. पन्नाशीचे, ठेंगणे, केस अजून काळेभोर. विभागात सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते जमलं नाही, मी सर म्हणायची. त्यांना सुरुवातीला हसू आलं, मग सवय झाली.

विभागात ते तात्पुरते होते. उन्हाळ्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, आणि त्यांना पुढे ठेवायचं की नाही हे एप्रिलमधल्या कॉन्सर्टनंतर ठरणार होतं. विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद त्यांची नवी रचना वाजवणार होता. विभागप्रमुख आणि समितीचे लोक ऐकायला बसणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

त्या रचनेत व्हायोलिन, चेलो वगैरे तंतुवाद्यांच्या मधोमध त्यांच्या गावचं वाद्य होतं, सिकू. मला त्यांनी ते पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. बोरूसारख्या पोकळ नळ्या, खालून बंद, उतरत्या लांबीने एका रांगेत दोऱ्याने बांधलेल्या. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी नळीवर फुंकर मारायची. एका नळीचा एकच सूर. गंमत अशी, की एका रांगेत सगळे सूर नसतातच. सा या रांगेत असेल तर रे दुसऱ्या रांगेत, ग परत पहिलीत. एक रांग एका माणसाच्या हातात, दुसरी दुसऱ्याच्या. पहिलीला इरा म्हणतात, ती पुढे चालते. दुसरी आर्का, ती मागून येते. दोघांनी आळीपाळीने फुंकलं तरच चाल पूर्ण होते.

"आमच्याकडे हवा विरळ आहे," सर म्हणाले होते. "एका माणसाचा श्वास एका चालीला पुरत नाही." ते थट्टा करत होते की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही.

इरा ते स्वतः वाजवणार होते आणि आर्का त्यांचा धाकटा भाऊ. ही जोडी लहानपणापासूनची. आता भाऊ येणार नव्हता.

विभागप्रमुख दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. उंच, मवाळ बोलणारे गृहस्थ. "दोन्ही रांगा एकत्र बांधा की," ते म्हणाले. "मी पाहिलंय, तुमच्याकडचे शहरातले वादक एकटेच दोन्ही वाजवतात."

"वाजवतात," सर म्हणाले. "माणूस स्वतःशी बुद्धिबळसुद्धा खेळतो."

प्रमुख हसले. मग "एप्रिल फार लांब नाही," असं हळूच म्हणून गेले.

बासरी वाजवणाऱ्या एका विद्यार्थिनीला सरांनी विचारलं. ती आली, तिने आर्का हातात घेतली, आणि पहिल्याच दिवशी तिचा आवाज इतका छान लागला की मला हायसं वाटलं. तिने दोन वेळा ओळ वाजवली आणि विचारलं, "पण यात माझी ट्यून कुठे आहे?"

"अर्धी तुझ्याकडे आहे."

"आणि उरलेली?"

"माझ्याकडे."

तिने ते वाद्य उलटसुलट करून पाहिलं, जणू उरलेले सूर मागच्या बाजूला असतील. पुढच्या आठवड्यात तिचा निरोप आला की तिच्या स्वतःच्या रिसायटलची, म्हणजे एकटीच्या कार्यक्रमाची, तयारी राहिली आहे.

त्यानंतर काही दिवसांनी मी दुसऱ्या व्हायोलिनची ओळ उतरवून घेत होते. सरांनी तंतुवाद्यांतही सिकूसारखीच वाटणी केली होती. एक सूर पहिल्या व्हायोलिनकडे, पुढचा दुसऱ्याकडे. त्यामुळे कुठलीही एक ओळ पाहिली की पडलेल्या दातांसारखी दिसायची, एक सूर, मग विराम, मग सूर. मी लिहीत होते आणि सर माझ्या मागे उभे होते हे मला माहीत नव्हतं.

"तूच वाजव," ते म्हणाले.

मला वाटलं ते दुसऱ्या कोणाशी बोलताहेत.

"आर्का. तू वाजव."

"सर, मला फुंकून वाजवायचं काहीच येत नाही."

"ते माहीत आहे. पण तू लिहिताना गुणगुणतेस. ओळीत विराम आला की तिथला, कागदावर नसलेला सूर तेवढा गुणगुणतेस. बाकी गप्प असतेस."

मला याची कल्पनाच नव्हती. त्या टेबलावरून मी सगळ्यांना बघायची. कोण कोणाशी बोलणं टाळतं, कोणाचा डबा न खाता परत जातो, हे मला माहीत असायचं. आपल्यालाही कोणी बघत असेल हे मनात आलं नव्हतं. माझे कान गरम झाले.

"मी ट्राय करीन," मी म्हटलं. आमच्या घरी याचा अर्थ सरळ नकार होतो. आई कोणाच्या बारशाला जाणार नसली की "प्रयत्न करते" म्हणते, आणि ऐकणाराही समजून घेतो. सरांनी माझा हात हातात घेऊन तो जोरजोरात हलवला.

मी बाबांच्या कॉलेजमधल्या मित्राकडे, काका-काकूंच्या घरी तळघरातल्या खोलीत राहत होते. त्या रात्री जेवताना सांगून टाकलं, कारण घरात फुंकण्याचा आवाज होणारच होता.

"म्हणजे सनईसारखं?" काकूंनी विचारलं.

"नाही. बाटलीसारखं."

त्यांची नववीतली मुलगी इतका वेळ कॉर्न सोलत होती. ती इंग्रजीत म्हणाली, "म्हणजे ताई स्टेजवर जाऊन बाटल्या फुंकणार. ऑर्केस्ट्राबरोबर. आणि हे मी शाळेत कोणाला सांगायचं नाही, बरोबर?"

"स्टॅटिस्टिक्सचं काय झालं?" काकांनी विचारलं.

"ते चालू आहे, काका."

"मग ठीक. तुझे बाबा विचारतील म्हणून विचारलं. मला काय, तू ड्रम वाजव."

पहिले काही दिवस आवाजच येईना, नुसती हवा. मग आवाज यायला लागला तेव्हा चक्कर यायला लागली. लांब नळ्यांना श्वास खूप लागतो. तळघरात वॉशिंग मशीनपाशी उभी राहून मी फुंकायची आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके आले की धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसायची. एकदा काकू खाली आल्या आणि मला तशी बसलेली बघून त्यांनी मीठ-साखरेचं पाणी करून आणलं.

आर्काच्या एका नळीचा सूर किंचित उतरलेला होता. सरांनी सांगितलं, घरून थोडे तांदूळ घेऊन ये.

"किती?" काकू म्हणाल्या. "पार्टी आहे का?"

"दाणे, काकू. चार-सहा. नळीत टाकले की आतली जागा कमी होते आणि सूर वर चढतो."

काकूंनी डब्याचं झाकण उघडलं. "बासमती चालेल ना? त्यांना सांग, आंबेमोहोर इथे मिळत नाही."

सरांनी दाणे एकेक करून नळीत टाकले, प्रत्येक दाण्यानंतर फुंकून पाहिलं, आणि मग म्हणाले, "उत्तम तांदूळ." मी घरी येऊन तसं सांगितलं. काकूंना ते आवडलं.

मार्चमध्ये वाद्यवृंदाबरोबर तालमी सुरू झाल्या आणि माझी झोप गेली. इतक्या लोकांसमोर, अर्धवर्तुळाच्या अगदी मध्ये उभं राहायचं. मी आयुष्यभर वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसत आले होते. शेवटच्या बाकावर लक्ष जातं, म्हणून शेवटून दुसऱ्या.

विचित्र गोष्ट ही, की मी चुकत नव्हते. नळी बरोबर लागत होती, सूर बरोबर होता. मी मनात ताल मोजत होते, सिस्टरांनी पियानोवर शिकवलं होतं तसा. तरीही चाल लागत नव्हती. सरांचा सूर यायचा, मग बारीकशी फट, मग माझा. पुन्हा त्यांचा, पुन्हा फट. फाटक्या छत्रीतून पाणी गळावं तशी ती चाल गळत होती. वाद्यवृंद चालवणारी बाई तरुण होती आणि तिला माझी दया येत होती. ती प्रत्येक वेळी काठी थांबवून म्हणायची, "थोडीशी लेट." मी मान हलवायची आणि पुढच्या वेळी जास्त काळजीपूर्वक मोजायची. मग आणखी लेट.

"मोजू नकोस," सर म्हणाले.

"मग मला कसं कळणार कधी यायचं?"

त्यांनी पुन्हा एकदा माझ्याबरोबर वाजवलं, या वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघत. मग थांबले. "तू माझं संपायची वाट बघतेस."

"हो," मी म्हटलं. मला यात काय चुकीचं आहे ते कळेना.

"मी संपवतच नाही. संपवायचं काम तुझं. माझा श्वास नळीत असताना तुझा सूर आला पाहिजे. मला तोड."

डोक्याला ते लगेच पटलं. पण माझं अंग ऐकेना. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे घरी मराठीत शिकले होते. हात वर केल्याशिवाय आणि नाव पुकारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे शाळेत इंग्रजीत शिकले होते. दोन्ही भाषांत मला तेवढं एक नीट येत होतं. सर माझ्यापेक्षा वयाने दुप्पट मोठे. त्यांचा सूर हवेत असताना आपण तोंड घालायचं, हे माझ्या ओठांना जमतच नव्हतं. शेवटच्या क्षणी ते आपोआप मिटायचे.

एका तालमीला विभागप्रमुख कोट न काढता मागच्या रांगेत येऊन बसले. फटी त्यांनाही ऐकू आल्या. नंतर ते स्टेजपाशी आले आणि मी ऐकत असतानाच, अगदी सौजन्याने म्हणाले, "शुक्रवारची तालीम बघू. नाही जमलं तर तुम्ही एकटे वाजवा. किंवा हे राहू द्या, तुमची जुनी स्ट्रिंग्जची रचना घेऊ. समितीपुढे काहीतरी नीट जायला हवं, तुमच्याच भल्यासाठी."

सर आपल्या नळ्या पुसत राहिले. मला मात्र क्षणभर बरं वाटलं. शुक्रवारी सगळं रद्द होईल, मी परत टेबलाशी जाऊन बसेन.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेले तर कोपऱ्यात रिकामी खोकी होती. दारूच्या दुकानातून लोक सामान हलवायला आणतात तसली, बाटल्यांचे कप्पे असलेली. त्यांच्या टेबलावर कागदात गुंडाळलेलं सँडविच दुपारपासून तसंच होतं. त्यानंतर ते बरं वाटणं राहिलं नाही.

बुधवारी संध्याकाळी जवळच्या एडिसनहून एक नवं जोडपं काकूंकडे जेवायला आलं होतं, पुण्याहून नुकतंच लग्न करून आलेलं. मी वाढायला मदत करत होते. काका त्यांना, आम्ही सगळ्यांनी अनेकदा ऐकलेली, काकूंच्या आईला विमानतळावरून आणताना हायवेवर रस्ता चुकल्याची गोष्ट सांगायला लागले.

"रात्रीची वेळ, आम्ही टर्नपाइकवर—"

"टर्नपाइक नाही हो, पार्कवे—"

"पार्कवेवर, आणि ही मॅप घेऊन—"

"उलटा. मॅप उलटा होता, कारण यांनीच मला—"

"मी ड्राइव्ह करत होतो, मी कुठून देणार? ही म्हणते लेफ्ट—"

"राइट म्हटलं होतं मी. आणि मागे आई रामरक्षा—"

"मोठ्याने—"

"मोठ्याने म्हणतेय, आणि एक्झिट गेली, आणि हे तिला म्हणतात—"

"मी म्हटलं, सासूबाई, देवाला जरा एक्झिट नंबर विचारा."

नवं जोडपं हसलं. मी वरणाचं भांडं हातात घेऊन उभी होते. दोघांपैकी एकानेही एक वाक्य पुरं केलं नव्हतं आणि तरी एक शब्द सांडला नव्हता. हे दोघं एकमेकांना बोलू देत नाहीत असं मला इतके दिवस वाटायचं. त्या दिवशी मी काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. काका वाक्याच्या मध्यावर असतानाच त्यांची छाती वर व्हायची. त्या श्वास आधीच घेऊन ठेवत होत्या.

मी श्वास सरांचा सूर संपल्यावर घेत होते. फट तिथे होती.

"अगं, वाढतेस ना?" काकू म्हणाल्या. मी वाढलं.

गुरुवारी सरांच्या खोलीत आम्ही दोघंच वाजवत होतो. ते फुंकत असताना मी श्वास घेतला. चोरून घेतल्यासारखं वाटलं. त्यांचा सूर अजून चालू होता तोवर माझा निघाला आणि त्यांचा त्यात बुडाला. "एक्सक्यूज मी" अगदी ओठांवर आलं होतं, पण ओठ नळीवर होते. त्यांचा पुढचा सूर माझ्यावर आदळला. मी पुन्हा तोडला. दोन-तीन ओळी अशा गेल्या, मग मी घसरले आणि जुन्या सवयीने थांबले.

"उद्धट," सर म्हणाले. ते हसत होते. "आणखी."

शुक्रवारी बहुतेक जमलं. सगळं नाही. विभागप्रमुख ऐकून "हं" म्हणाले आणि कार्यक्रमपत्रिकेत बदल झाला नाही. याचा अर्थ आता सगळं खरंच होणार होतं, आणि माझी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आता जे बिघडेल ते समितीसमोर बिघडणार होतं.

कॉन्सर्टला वाद्यवृंदात सगळे काळे कपडे घालतात. काकूंना ते पटलं नाही. "शुभकार्याला काळं? संक्रांत आहे का?" शेवटी काळा स्कर्ट, काळा ब्लाउज आणि गळ्यात त्यांची एक मोत्यांची सर, यावर तडजोड झाली. काका सूट घालून आले. त्यांच्या मुलीने केसांना काहीतरी फवारून ते उभे केले होते. तिघंही पाचव्या रांगेत बसले होते आणि काका पंख्यासारखी पत्रिका हलवत होते.

समिती दुसऱ्या रांगेत होती. स्टेजवरून त्यांचे चष्मे चमकताना दिसत होते.

पहिला भाग गेला. दुसरा गेला. मला तो आठवत नाही, फक्त माझ्या तळहातांचा घाम आठवतो आणि नळ्या निसटतील ही काळजी. तिसऱ्या भागात एक जागा होती, जिथे सगळी तंतुवाद्यं एकेक करून थांबत आणि फक्त दोन सिकू राहत. सरांची आवडती जागा. तिथे आम्ही आलो. शेवटचा चेलो थांबला. सरांनी फुंकलं आणि आवाज आला नाही.

फक्त हवा. फुस्स अशी. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. त्यांनी नळी ओठांवर हलवून पाहिली. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, दुसऱ्या रांगेकडे होती.

माझी जागा आली. तोडायला समोर काहीच नव्हतं. माझ्या वाद्यात त्यांचे सूर नाहीत, त्यामुळे मी त्यांची जागा भरून काढू शकत नव्हते. आणि माझ्या सगळ्या अंगाला थांबायचं होतं. त्यांना सावरू दे, ते मोठे आहेत, त्यांच्याआधी जाऊ नये. मी थांबले तर मात्र तिथे काहीच उरणार नव्हतं, आणि मग कोणाला कुठून सुरू करायचं ते कळलं नसतं.

ते वाजवत आहेत असं धरून मी श्वास घेतला. त्यांचा सूर जिथे निम्मा झाला असता तिथे माझा टाकला. मग शांतता, त्यांच्या एका सुराइतकी. तेवढ्यात पुन्हा श्वास, पुन्हा माझा. पडलेल्या दातांची ती चाल त्या मोठ्या सभागृहात एकटी चालत होती आणि मला ती फार उघडी वाटत होती. कोणीतरी खोकलं. तिसऱ्या की चौथ्या वेळी माझ्या सुरावर खालून काहीतरी येऊन टेकलं. पातळ, थोडं खरखरीत. सर परत आले होते. मी त्यांना लगेच तोडलं, कारण तोडलं नसतं तर मी रडले असते.

नंतर सभागृहाबाहेरच्या जागेत पेपर कपांत फळांच्या रसाचं पंच होतं आणि खूप लोक होते. विभागप्रमुख सरांपाशी आले आणि म्हणाले, "ती जागा, जिथे तुम्ही एकच आवाज ठेवलात. केवढा संयम. मला वाटतं संपूर्ण रचनेतली ती सगळ्यात धाडसी जागा आहे."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "थँक यू," ते म्हणाले.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "मध्ये त्यांचं बंद पडलं होतं, ना?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलं, आता ही पण थांबते."

"मलाही वाटलं."

काकूंनी माझ्या गळ्यातली मोत्यांची सर नीट केली. ती सरळच होती.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. तोवर सर खोलीत यायचे, टेबलाशी बसायचे, काही लिहायचे नाहीत. मी दुसऱ्याच कोणाचं क्लॅरिनेटचं काम घेतलं होतं आणि दोनदा शाई सांडली. खोकी कोपऱ्यातच होती. एक आता निम्मं पुस्तकांनी भरलेलं होतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेले. खोलीबाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी खोकी चपटी करून उभी ठेवलेली दिसली. मी ती नीट पाहिली, दुसऱ्या कोणाची असतील म्हणून. बाटल्यांचे कप्पेही काढून दोऱ्याने बांधले होते.

आत सर उभ्याउभ्या काहीतरी लिहीत होते. "दोन वर्षं," मान वर न करता ते म्हणाले. "कायम नाही. कायमचं त्यानंतर बघणार आहेत. पण दोन वर्षं."

"अभिनंदन, सर."

"बस." त्यांनी पेन्सिलीने लिहिलेले ताजे कागद माझ्या टेबलावर ठेवले. अजून तंतुवाद्यांच्या ओळी रिकाम्या होत्या, फक्त सिकूच्या दोन ओळी भरलेल्या. "ऑक्टोबरमधल्या कॉन्सर्टसाठी. विभागप्रमुखांना ती एकट्या आवाजाची जागा हवी आहे, आणखी मोठी. म्हणून या वेळी मी ठरवलं, आर्का आधी सुरू करेल. एकटी. आमच्याकडे असं कोणी करत नाही, माझा भाऊ ऐकेल तर—"

मी ओळ वाचत होते. पहिल्या पानावर इराकडे नुसते विराम होते. माझ्या ओळीत सूर होते, दूर दूर, आणि कोणाच्याही मागून यायचे नव्हते. डिसेंबरमध्ये माझी डिग्री संपणार होती. ऑक्टोबरमध्ये मी इथेच असणार होते, हे त्यांना माहीत असावं.

"—तर म्हणेल, म्हातारा झालास, पण मला वाटतं, की पहिल्या पानाच्या शेवटी जेव्हा—"

"पहिल्या पानाच्या शेवटी पान उलटता येणार नाही," मी म्हटलं. "माझे दोन्ही हात वाद्यावर असतील."

सर थांबले. त्यांनी खुर्ची ओढली, खोडरबर घेतलं, आणि आम्ही ते पान कुठे संपवायचं ते बघायला लागलो.